धुराड्याची ओढ

घरातलं शेंडेफळ म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. आता चाळिशी उलटली होती, शाळेत मुलांना उष्णता आणि वारा शिकवता शिकवता कानाजवळचे केस पिकले होते, तरी घरात नाव तेच चिकटलेलं. त्यामुळे पुढच्या खोलीत फायरप्लेस बसवायची तिनं ठरवलं, तेव्हा शहरात राहणाऱ्या तिच्या दादाला आयताच विनोद सापडला. "चिमणीला चिमणी हवीशी झाली!" असं म्हणून तो फोनवर हसत सुटला. तिनं फोन टेबलावर ठेवला, उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद केला, परत येऊन फोन कानाला लावला, तरी याचं हसणं चालूच होतं.

हसून झाल्यावर मात्र तो मुद्द्यावर आला.

"आप्पांचा मागचा हिवाळा मी विसरलेलो नाही," तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणाले तेही नाही. ते घर म्हणजे दगडाची पेटी आहे. माझ्याकडे लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे, खालीच दवाखाना आहे. घेऊन जातो म्हटलं की तू फुगून बसतेस."

"मी फुगत नाही. मी घरात ऊब करते म्हणतेय."

"कर ना. पहिला कडाका पडला की मी येणार. खोली गार असेल आणि म्हातारा खोकत असेल, तर त्याच गाडीत बसवून नेणार. मग डोळ्यांत पाणी आणायचं नाही."

"आणि खोकत नसले तर?"

"तर तू जिंकलीस. मी पुन्हा विषय काढणार नाही. शब्द आहे माझा."

दादा वाईट नव्हता. वडिलांवर त्याचाही जीव होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. पण आप्पा गेले असते तर त्या घरात चिमणी एकटी उरली असती, आणि आई गेलेल्या घरात एकटं उरणं तिला झेपणारं नव्हतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आप्पांना विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही दोघं ठरवा." म्हणजे राहिलं काय आणि गेलं काय, त्यांना सारखंच. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

आप्पा जन्मभर शिवणकाम केलेले. बूड टेकायला जागा मिळाली की मांडी घालायची, ही शिंप्याची सवय. खुर्चीतसुद्धा ते मांडी घालूनच बसायचे. आई त्यावरून चिडवायची, की तुमचे बूट कधी झिजायचेच नाहीत. आई गेली, त्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे आखडले आणि मांडी सुटली ती सुटलीच. आता ते दोन स्वेटर आणि कानटोपी घालून, पाय जमिनीला टेकवून, पुढच्या खोलीत पाहुण्यासारखे बसून असायचे. आणि खोकायचे. आई असताना ते खोकले की ती घरात कुठेही असो, तिथून आवाज यायचा, "आले हं." मग कोमट पाण्याचा पेला घेऊन ती यायची. पेल्यावर बशी पालथी. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीपर्यंत यायचं तर कितीसं अंतर, पण बशी हवीच. चिमणीनं तसं करून पाहिलं होतं. आप्पा पेला घ्यायचे, बशीकडे बघायचे, आणि पाणी तसंच राहायचं. मग तिनं बशी ठेवणं बंद केलं.

फायरप्लेस निवडायला ती आप्पांनाही घेऊन गेली. त्यांना घराबाहेर काढायला निमित्त हवंच होतं. दुकान मोठं होतं, एकीशेजारी एक चूल मांडलेली, जणू गावजेवण आहे आणि आचारी तेवढे यायचे बाकी आहेत. पहिली विजेवर चालणारी होती. प्लास्टिकची लाकडं, आतून नारिंगी दिवा, आणि पंख्यावर फडफडणाऱ्या रेशमी ज्वाळा. विक्रेतीनं बटण दाबून मोठ्या कौतुकानं दाखवली. आप्पांनी तिच्यापुढे हात धरले, थोडी वाट पाहिली आणि हात पुन्हा खिशात घातले.

"चित्रातलं जेवण," ते म्हणाले.

दुसरी गॅसची. ती नको, कारण बसायच्या खोलीत सिलिंडर ठेवायचा चिमणीला धाक. तिसरी जाड काचेची, लोखंडी. ऊब देण्यात हीच सगळ्यांत हुशार, हे चिमणीला माहीत होतं. उघड्या चुलीतली बरीचशी उष्णता धुराबरोबर वर निघून जाते, हे ती दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवायची. ती विक्रेतीला लोखंडीचीच माहिती विचारत होती, एवढ्यात मागे बघते तर आप्पा नाहीत.

ते दुकानाच्या टोकाला होते. तिथे काळसर दगडाची एक साधी, उघडी चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती. ना ज्वाळा, ना दिवा, नुसतं आतलं रिकामं चौकोनी तोंड. आप्पा त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले होते.

"ही," ते म्हणाले.

"आप्पा, हिच्यातून ऊब वर जाते. ती काचेची बघा."

"हिच्यासमोर दोन खुर्च्या मावतील का गं?"

गेल्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. दोन खुर्च्या म्हणजे एक त्यांची, एक माझी, असं तिनं मनात जुळवलं. फळ्यावरची आकृती तिनं स्वतःच पुसून टाकली. "मावतील की," ती म्हणाली, आणि चौकट घेतली.

ती बसवायला जो मिस्त्री आला, त्याचा आधी आवाज यायचा आणि मग तो. धुराडी बसवण्यात आपला हात धरणारा अजून जन्माला यायचाय, हे त्यानं पायरीवरच सांगून टाकलं. आल्या आल्या तो खोलीच्या भिंती टिचक्या मारत फिरला, आणि आईचं जुनं कपाट जिथे उभं असायचं तिथे थांबला.

"ताई, आग काय, कुणीही पेटवतं. धुराड्याचा सगळा जीव ओढीत असतो. धूर वर ओढला गेला पाहिजे. ओढ नसेल तर घरातले सगळे डोळे चोळत बसतात आणि शिव्या मला घालतात. मी बसवलेल्या धुराड्यातून धूर असा जातो, परीक्षा सुटलेल्या पोरासारखा. मागे वळून बघत नाही. आणि तुमचं नशीब बघा, इथे भिंत पोकळ आहे. आत जुनं धुराडं आहे तुमच्या!"

चिमणी चाट पडली. जन्म या घरात गेला, छपरावरचा तो दगडी चौथरा रोज पाहिला, पण तो कशाचा हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"आहे," आप्पा आपल्या जागेवरून म्हणाले. "आम्ही राहायला आलो तेव्हा उघडंच होतं. तुझ्या आईनं बुजवलं. वर कपाट लावलं. तिला त्याचं वावडं होतं."

"का?"

आप्पांनी आठवून पाहिलं. "म्हणायची, याला ओढ आहे."

"अहो, मग सोनंच की!" मिस्त्रीनं मांडीवर थाप मारली. "लोक ओढीसाठी माझ्या हातापाया पडतात, आणि तुम्ही ओढ असलेलं धुराडं बुजवता? धन्य आहे!"

चिमणीही हसली. आईला वाऱ्याची झुळूकसुद्धा सोसायची नाही, हे सगळ्या घराला माहीत होतं.

गिलावा फोडला, विटा काढल्या. आत एका जुन्या रजईची घट्ट गुंडाळी ठोसून बसवली होती, आईच्याच हाताचे टाके तिच्यावर. मिस्त्रीनं भोकात हात घालून ती सैल केली आणि खाली खेचायला गेला. रजई त्याच्या हातातून निसटली. खाली पडली नाही. वर गेली. आतल्या दगडांना घासत जाण्याचा आवाज आला, मऊ आणि लांबत जाणारा, आणि मग काही नाही.

"बघा!" मिस्त्री ओरडला. "याला म्हणतात ओढ!"

गार धुराडं ओढत नाही. आत गरम हवा असेल तरच ओढ लागते, हेही चिमणी फळ्यावर शिकवायची. पण त्या दिवशी वारा होता, छपरावर भोवरा झाला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. रजई शोधायला मिस्त्री छपरावर चढला. तिथे नव्हती. अंगणात नव्हती, गल्लीतही नव्हती. गेली असेल कुणाच्या तरी बागेत, म्हणून विषय संपला.

चौकट बसली, समोर दगडी ओटा झाला, आत उंचावर लोखंडी झडप बसली. तिची मूठ बाजूला होती. मूठ खाली केली की झडप मिटणार आणि धुराडं बंद. आग नसताना ऊब बाहेर जाऊ नये म्हणून ही सोय. पहिल्यांदा पेटवायचा मान आप्पांना दिला. काडी ओढली तेव्हा तिची ज्योत आडवी झाली आणि आतल्या लाकडांकडे बोट दाखवल्यासारखी स्थिर राहिली. मग लाकडांनी पेट घेतला. धुराचा एक तंतू खोलीत आला नाही.

आणि खोली गरम झाली.

अशी की चिमणीला रडू फुटलं. ऊब भिंतींत शिरली, खुर्च्यांच्या लाकडात शिरली, पडद्यांना लाकडाचा गोडसर वास आला. संध्याकाळपर्यंत आप्पांची कानटोपी उतरली. आठवड्याभरात एक स्वेटर उतरला. एके दिवशी ती शाळेतून आली तर आप्पा तिच्या फाटक्या छत्रीला टाके घालत बसले होते. दोन वर्षांनी त्यांच्या हातात सुई होती! तिनं तिथल्या तिथे दादाला फोन लावला आणि नुसतं "ये आता, बघून जा" एवढंच म्हणून ठेवून दिला. जिंकण्याआधीच जिंकल्याची चव तिच्या जिभेवर आली होती, आणि ती लपवायचं तिला काही कारण वाटत नव्हतं.

खिडक्या बंद असल्या तरी पडदे थोडे चुलीकडे झुकलेले असायचे, हे तिच्या लक्षात आलं होतं. टेबलावरचा पेपर ओट्यापाशी सापडायचा. लोकरीचा गुंडा तिकडेच घरंगळायचा. ओढ चांगली असली की असं होणारच. तिनं उलट शाळेत मुलांना हे उदाहरण म्हणून सांगितलं.

खोकल्याचं मात्र तिनं उदाहरण केलं नाही. आप्पांना उबळ यायची, खांदे हलायचे, तोंड उघडायचं, आणि आवाज यायचा नाही. चेहऱ्यावर त्रासही दिसायचा नाही. उबळ गेली की ते सुई पुन्हा उचलायचे. काही दिवसांनी खांदे हलणंही थांबलं. खोकला गेला. मागच्या हिवाळ्यात औषधांच्या बाटल्यांनी जे जमलं नव्हतं ते उबेनं केलं होतं. गेलेला खोकला कुठे गेला, असं कोण विचारतं? दुखणं गेलं की माणूस पाठ फिरवून मोकळा होतो.

खुर्चीचं तेवढं तिला खटकत राहिलं. सकाळी ती आप्पांची खुर्ची गालिच्याच्या कडेला ठेवायची आणि दुपारी येऊन बघायची तर ती चुलीकडे गेलेली. रोज थोडी जास्त.

"आप्पा, एवढं जवळ नका बसू. ठिणगी उडेल."

"मी कुठे सरकतोय? तू ठेवलीस तिथेच आहे."

म्हातारी माणसं पायानं रेटत रेटत पुढे जातात आणि त्यांना कळतही नाही, असं तिनं धरलं. तरी तिच्यातली शिक्षिका गप्प बसेना. जमीन उतरती असेल म्हणून तिनं काचेची गोटी आणून खुर्चीपाशी सोडली. आग विझलेली होती. गोटी जरा थबकली आणि दाराकडे घरंगळत गेली. उतार दाराकडे होता. चुलीकडे चढ होता.

त्या शनिवारी तिनं दुसरी परीक्षा घेतली. आग पेटलेली असताना तिनं झडपेची मूठ धरून पूर्ण खाली केली. धूर आता खोलीत यायला हवा होता. ती खिडकीची कडी काढून तयार उभी राहिली. धूर सरळ वर जात राहिला, तेवढाच, तसाच. तिनं मूठ वर केली, पुन्हा खाली केली. आत लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज नीट ऐकू आला.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. आग विझवून त्यानं चुलीत डोकं घातलं, झडप उघडली, मिटली, बोटांनी तिच्या कडा चाचपल्या. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज एवढा खाली गेला होता, की चिमणीला दोनदा विचारावं लागलं.

"झडप ठीक आहे, ताई."

"मग धूर कुठून जातो?"

"झडप ठीक आहे," तो पुन्हा म्हणाला आणि हत्यारं गोळा करू लागला. चहा ठेवला होता, तो घेतला नाही. दारात थांबून त्यानं विचारलं, "घरात आजारी कुणी आहे का? खोकणारं?"

"होते. आता बरे आहेत. का हो?"

"काही नाही. शेजारचा आवाज असेल," असं म्हणून तो गेला. शेजारचं घर कितीतरी दिवस बंद होतं.

त्या रात्री ती अंथरुणात एकच गोष्ट घोळवत राहिली. जेवढी ओढ जास्त, तेवढी ऊब वर जायला हवी. इथे ऊब सगळी खोलीत राहत होती. मग वर काय जात होतं?

पण त्याच आठवड्यात कडाका पडला आणि दादा आला, आणि असल्या शंकांना जागा उरली नाही.

सकाळी गल्लीतल्या गाड्यांवर पांढरा थर होता, अंगणातल्या बादलीवर काचेसारखी साय धरली होती. दादा दोन कोट घालून, हात चोळत, तोंडातून वाफ सोडत दारात उभा राहिला. गाडीत त्यानं आप्पांसाठी उशी आणि पांघरूणही ठेवलं होतं, तयारीनं आला होता. आत पाऊल टाकलं आणि तो थांबला. एक कोट उतरवला. मग दुसरा. मग स्वेटर.

"अगं, हे काय, न्हाणीघर आहे का घर?" तो म्हणाला.

"बस. घाम पुसायला टॉवेल देऊ?"

आप्पा चुलीपुढे बसले होते, नुसत्या सदऱ्यावर. गाल लाल झालेले. त्यांनी दादाला बसवून त्याच्या लहानपणीच्या चड्डीची गोष्ट सांगितली. घाईत तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड शिवला गेला होता, आणि दादा शाळेत कसा तिरका चालला, हे त्यांनी उठून चालून दाखवलं. तिघंही पोट धरून हसले. दादा मधूनमधून कान टवकारत होता. खोकला येईल, आता येईल. दुपार टळली तरी आला नाही. त्यानं आप्पांच्या पाठीला कानही लावून पाहिला, वर म्हणाला, "लहान पोराची छाती आहे!"

निघताना त्यानं गाडीतली उशी आणि पांघरूण काढून चिमणीच्या हातात दिलं.

"घे. हरलो बाई. आप्पा, तुम्हाला इथेच राहायचंय ना? तुमच्या तोंडून ऐकू दे."

"मी आता कुठे जातोय?" आप्पा म्हणाले. "मला इथेच हवंय."

चिमणीनं हे शब्द कानात साठवून घेतले. तुम्ही दोघं ठरवा, असं नाही. मला इथेच हवंय. दादाची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती हात हलवत राहिली, आणि मग शाळकरी मुलीसारखी जागच्या जागी एक उडी मारली. जिंकले! कुणी पाहिलं असतं तर पाहू दे.

लाकडं आणायला ती मागच्या अंगणात गेली. ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. धुराड्यातून धुराची सरळ रेघ वर चालली होती. ती गुणगुणत हातावर लाकडं रचत होती.

वर कुणीतरी खोकलं.

तिनं मान वर केली. छपरावर कुणी नव्हतं. पुन्हा खोकल्याचा आवाज आला, लांबलेला, शेवटी दोन तुटक ठसके. हा खोकला तिच्या इतका ओळखीचा होता, की तिचे पाय आपोआप स्वयंपाकघराकडे, पाण्याकडे वळले.

आवाज धुराड्याच्या तोंडातून येत होता.

आणि त्याच्यामागून, आत खोलवरून, हात पुसता पुसता बोलावं तसा दुसरा आवाज आला.

"आले हं."

हातातली लाकडं पायाशी पडली. तिला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याआधी वाटला आनंद. दोन वर्षं हा आवाज तिनं मनात ऐकायचा प्रयत्न केला होता आणि तो नीट आठवतच नव्हता. आता तो होता, जसाच्या तसा, थोडा घाईचा.

मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. लहानपणी ती त्या भिंतीला पाठ लावून बसली, की आई तिला उचलून दुसरीकडे ठेवायची आणि तेच वाक्य म्हणायची. आप्पांनी ते अर्धंच सांगितलं होतं. आई म्हणायची, "याला ओढ आहे आपली."

ती धावत आत आली.

आप्पा चुलीपुढे शांत बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची होती, चुलीकडे तोंड करून. ती चिमणीनं ठेवलेली नव्हती. दोन्ही खुर्च्यांच्या मध्ये ओट्यावर पाण्याचा पेला होता, आणि त्याच्यावर बशी पालथी.

तिनं पेल्याला बोट लावलं. पाणी कोमट होतं. बशीच्या कडेवर काजळीची बारीक रेघ होती.

"आप्पा, हे पाणी कुणी दिलं?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. इतके समाधानी डोळे तिनं त्यांच्या चेहऱ्यावर आई असताना पाहिले होते, त्यानंतर नाही. त्यांनी बशी बाजूला केली, पेला उचलला आणि ते घोट घोट करून सगळं पाणी प्यायले.

तिचा हात झडपेच्या मुठीवर गेला होता.

"राहू दे गं उघडी," आप्पा म्हणाले.

तिनं मूठ सोडली. ती हरली नव्हती. आप्पा घरात होते, ऊब होती, खोकला नव्हता, आणि आईचा आवाजही घरी आला होता. तिनं जे जे मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं, वर थोडं जास्तच. ती खाली गालिच्यावर बसली आणि डोकं आप्पांच्या खुर्चीच्या हाताला टेकवलं, लहानपणी टेकवायची तसं.

डोक्याखाली खुर्ची सरकली. चुलीकडे, बोटभर.

"आप्पा, पायानं रेटू नका ना," असं म्हणत तिनं खाली पाहिलं.

आप्पा खुर्चीत मांडी घालून बसले होते.